किशनगढचं ‘नौकाविहार’ कसं पाहावं: सुरुवात तळ्यापासून

राजस्थानातलं किशनगढ म्हटलं की हल्ली दोन गोष्टी आठवतात. एक संगमरवराची बाजारपेठ आणि दुसरी बणीठणी, म्हणजे तिथल्या लघुचित्रांतला प्रसिद्ध स्त्रीचा चेहरा. कमानदार भुवई, कानाच्या दिशेने ओढलेला लांब डोळा, टोकदार नाक, डोक्यावरून घेतलेली झिरझिरीत ओढणी. हा चेहरा १९७३ साली टपाल तिकिटावर आला, पुढे कॅलेंडरांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर पोहोचला, आणि इतका ओळखीचा झाला की किशनगढचं कुठलंही चित्र समोर आलं तरी आपली नजर आधी तो चेहरा शोधायला लागते. किशनगढच्या दरबारी चित्रकार निहालचंदच्या ‘नौकाविहार’ या चित्रापुढे उभं राहून असं केलं की चित्र हातचं गेलंच म्हणून समजा. त्यात माणसं अगदी लहान आहेत. मधला सगळा भाग तळ्याने व्यापला आहे.

हे चित्र नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, काळ अठराव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागे. इंग्रजी पुस्तकांतून ‘बोट ऑफ लव्ह’ या नावाने ते जगभर छापलं गेलं. राधाकृष्णाचं चित्र म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. निसर्गचित्र म्हणून ते फार कमी लोक पाहतात, आणि माझ्या मते त्याची खरी कमाल तिथेच आहे. तळं नीट पाहिलं की राधाकृष्ण आपोआप दिसतात. राधाकृष्णापासून सुरुवात केली तर तळं राहूनच जातं. म्हणून पुढचा सगळा क्रम तळ्यापासून सुरू होतो आणि चेहऱ्याशी संपतो.

आधीची तयारी

चित्राची मोठी, चांगली प्रत मिळवा. मोबाइलवर पाहू नका, निदान पहिल्यांदा तरी. लॅपटॉपचा पडदा चालेल, चांगल्या छपाईचं पुस्तक त्याहून बरं. शक्य असेल तर एकाच चित्राच्या दोन वेगळ्या प्रती शेजारी ठेवा. एकीत पाणी निळसर दिसेल, दुसरीत राखाडी. एकीत होडी शेंदरी, दुसरीत किरमिजी. त्यावरून एक गोष्ट पक्की लक्षात येते: छापील रंगावर कुठलाही मोठा निष्कर्ष बांधायचा नाही. रंगांचं आपापसांतलं नातं मात्र, म्हणजे कुठला गडद, कुठला फिका, कुठला एकटा पडलेला, ते बहुतेक प्रतींत शाबूत असतं. त्यावर भिस्त ठेवा.

प्रत पूर्ण आहे ना, हेही बघा. पुष्कळ ठिकाणी होडीचा तेवढा भाग कापून छापतात. तळं, पैलतीर, आकाश आणि अगदी खालची झाडी यांतलं काही कमी असेल तर ती प्रत बाजूला ठेवा. जवळ एक भिंग आणि दोन कोरे कागद असू द्या.

पायरी १ : अंतर ठरवा

लघुचित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढलेलं नसे. ते कापडात बांधून ठेवलेलं असे; दरबारात किंवा महालात कुणीतरी ते सोडायचं, मांडीवर घ्यायचं, शेजाऱ्याच्या हाती द्यायचं. म्हणजे पाहणाऱ्याचा हात लांब झाला की चित्र लांब आणि हात दुमडला की जवळ. चित्रकाराला हे ठाऊक होतं आणि त्याने दोन्ही अंतरांसाठी काम केलेलं आहे. हातभर अंतरावरून तळ्याचा विस्तार कळतो, वीतभर अंतरावरून माणसांची लगबग. आधी हातभर अंतरावर थांबा. वीतभर अंतराची घाई नको.

पायरी २ : तीन पट्टे झाकून पाहा

चित्र आडवं तीन भागांत पडतं. खाली गर्द झाडी, मध्ये पाणी, वर पैलतीर, त्यावरचे पांढरे महाल, टेकड्या आणि आकाश. आता कोरे कागद वापरा. वरचे दोन भाग झाका आणि फक्त झाडी पाहा: काळोखी, दाट, जवळची. मग झाडी आणि वरचा भाग झाकून फक्त पाणी. मग फक्त वरचा भाग.

एकेक पट्टा सुटा पाहिल्यावर कागद काढले की एकदम जाणवतं की हे तीन भाग एकमेकांवर अवलंबून आहेत. खालची झाडी एवढी गडद नसती तर पाणी एवढं उजळलं नसतं. पाणी एवढं रिकामं नसतं तर पलीकडचे महाल इतके लांब वाटले नसते. अंतर दाखवण्यासाठी निहालचंदने रेषांची आखणी फारशी वापरलेली नाही. त्याने गडद, रिकामं आणि फिकं असा क्रम लावला आहे, आणि तेवढ्यावर मैलभराचा विस्तार एका कागदावर आणला आहे.

पायरी ३ : पाण्यावर थांबा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तळ्याचा रंग बघा. पोथ्यांतल्या चित्रांत यमुना असते तसं हे तळं गडद निळं नाही. रुपेरी राखाडी आहे, दिवस कलल्यावर वारा पडलेला असतो तेव्हाच्या पाण्यासारखं.

भारतीय लघुचित्रात पाण्यातलं प्रतिबिंब क्वचितच रंगवलेलं असतं. महालाखाली उलटा महाल, होडीखाली उलटी होडी शोधण्याची आपल्याला जी सवय लागली आहे, ती युरोपीय तैलचित्रांची आणि फोटोंची. ती इथे सोडून द्या आणि उलट प्रश्न विचारा: प्रतिबिंबाचा आधार न घेता हे पाणी आहे हे मला कशावरून पटतं? उत्तर शोधायला तीन जागा पाहा. पहिली, काठ. जमीन संपते आणि पाणी लागतं ती रेषा कुठे कडक आहे, कुठे झाडीत हरवते? दुसरी, होडीची कड. होडीचा किती भाग दिसतो आणि किती पाण्यात गेलेला आहे? तिसरी, पृष्ठभाग. भिंग घेऊन रंगाचे बारीक फटकारे पाहा. रंग सपाट वाटतो पण अगदी एकसारखा नसतो.

इथे कारागिरीची थोडी माहिती उपयोगी पडते. हे चित्र वसलीवर काढतात. वसली म्हणजे हातकागदाचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून तयार केलेला जाड कागद. त्यावर आधी रेखाटन, मग सफेद्याचा पातळ हात, मग पुन्हा रेषा पक्की करणं आणि नंतर रंग भरणं. रंग डिंकात कालवलेले: हिंगूळ, हरताळ, नीळ, गेरू, पेवडी, काजळी. रंगाचा एक थर वाळला की चित्र गुळगुळीत दगडावर पालथं घालून पाठीमागून अकीकाने, म्हणजे एका कठीण गुळगुळीत दगडाने, घोटतात. त्याने रंग कागदात बसतो आणि त्याला आतून तुकतुकी येते. पुन्हा रंग, पुन्हा घोटणी. छापील प्रतीत ही तुकतुकी कधीच येत नाही. पाण्याच्या मोठ्या सपाट पट्ट्याला तर तिचा सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण मूळ चित्रासमोर डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवलं की तो पट्टा उजेडाबरोबर बदलतो.

पायरी ४ : आपण कुठे उभे आहोत?

चित्र पाहणारा कुठे आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा. खालच्या झाडांकडे आपण समोरून पाहतो. होडी बाजूने दिसते. तळं मात्र उंचावरून पाहिल्यासारखं पसरलेलं आहे. एका जागी उभ्या असलेल्या माणसाला हे तिन्ही एकाच वेळी दिसणार नाही. चित्रकाराने चूक केलेली नाही. त्याने प्रत्येक गोष्ट जिथून उत्तम दिसते तिथून दाखवली आहे आणि नजर एकीकडून दुसरीकडे नेली आहे.

तरीही एक गोष्ट जुन्या राजस्थानी चित्रांपेक्षा वेगळी आहे. पलीकडचे महाल खरोखर लहान आहेत आणि टेकड्या धूसर. लांबचं लहान आणि फिकं, ही रीत राजस्थानात मुघल दरबारातून आली आणि मुघल दरबारात ती पोहोचण्याच्या वाटांपैकी एक गोव्यातून जाते. १५७९ च्या नोव्हेंबरात जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले आणि १५८० च्या फेब्रुवारीत फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे पोहोचले. त्यांनी अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल नजर केलं. त्यात कोरीव छापचित्रं होती. अकबराच्या आणि पुढे जहांगीराच्या चित्रकारांनी अशी युरोपीय छापचित्रं बारकाईने पाहिली, उतरवून काढली आणि त्यांतली धूसर गावं, निळसर डोंगर आपल्या चित्रांच्या पार्श्वभूमीला आणून बसवले.

दिल्लीचं हे शिक्षण किशनगढला माणसांसोबत आलं. भवानीदास हा मुघल कारखान्यात तयार झालेला चित्रकार १७१९ च्या सुमारास किशनगढच्या राजा राजसिंहाच्या पदरी आला. निहालचंदचं घराणंही दिल्लीकडूनच आलेलं. मुघल चित्रांत दूरचा देखावा बहुधा मागे, कोपऱ्यात असायचा. पुढे बादशहा, सरदार, शिकार. किशनगढच्या या चित्रात तो मागचा देखावा पुढे येऊन चित्रभर पसरला आणि माणसं त्यात लहान झाली. माझ्या दृष्टीने या चित्रातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच.

पायरी ५ : लाल रंग शोधा

आता डोळे बारीक करा, म्हणजे तपशील पुसट होतात आणि रंगांचे नुसते डाग उरतात. सगळ्यात आधी काय उठून दिसतं? लाल होडी. हिरव्या-राखाडीच्या एवढ्या पसाऱ्यात ती एकच लांबट लाल रेघ आहे. मग तसाच लाल आणखी कुठे आहे ते शोधा. वर आकाशात ढगांच्या कडांना तो सापडेल, सोनेरी छटेसह. मधलं पाणी ओलांडून हे दोन लाल एकमेकांना साद घालतात आणि त्यामुळे पाण्याचा एवढा रिकामा पट्टा असूनही चित्र दुभंगत नाही. होडीवर बोट ठेवून ती झाका: तळं लगेच ओकंबोकं होतं.

पायरी ६ : वेळ कोणती?

आकाशावरून संध्याकाळ आहे हे कळतं. पण महाल पाहा, ते पांढरेशुभ्रच आहेत. मावळतीची लाली त्यांच्या भिंतींवर पडलेली नाही. झाडांच्या, माणसांच्या सावल्याही शोधा. उजेड कुठून येतो, हा प्रश्न चित्रकाराने विचारलेलाच नाही. त्याला वेळ सांगायची होती आणि ती त्याने आकाशाकडून वदवून घेतली. बाकी प्रत्येक वस्तू तिच्या स्वतःच्या रंगात ठेवली.

पायरी ७ : तीच माणसं दोनदा

आता वीतभर अंतरावर या. होडीत राधाकृष्ण सख्यांसह बसलेले आहेत. कृष्ण निळ्या अंगाचा, म्हणून चटकन सापडतो. मग खालच्या झाडीत शोधा. तिथे तेच दोघे पुन्हा आहेत, या वेळी एकांतात.

एकाच चित्रात तीच माणसं दोनदा येणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. घटना पुढे सरकल्याचं त्यातून कळतं. तळ्यातून नौकाविहार, मग काठाला लागणं, मग कुंजात भेट, असा क्रम सामान्यतः लावला जातो. पण नजर कशी फिरते तेही बघा. झाडी आपल्याला सगळ्यात जवळची, त्यामुळे डोळा चित्रात बऱ्याचदा खालून शिरतो आणि भेट आधी दिसते, प्रवास नंतर. गोष्ट वरून खाली येते आणि पाहणारा खालून वर जातो. गोष्ट आणि नजर मध्ये, पाण्यावर, एकमेकांना भेटतात. हे मुद्दाम दोन्ही दिशांनी करून पाहा: एकदा आकाशाकडून खाली, एकदा झाडीकडून वर. चित्राचा भाव बदलतो. वरून खाली आलात तर ते मिलनाचं चित्र वाटतं. खालून वर गेलात तर मनात राहतो तो तळ्याचा विस्तार.

पायरी ८ : खरं तळं आणि चित्रातलं तळं

किशनगढ अजमेरजवळ आहे. जोधपूरच्या राठोड घराण्यातल्या किशनसिंहाने १६०९ मध्ये ते वसवलं. गावात गुंदोलाव नावाचा तलाव आहे, काठाला किल्ला आणि फूलमहाल, पाण्यात मोखम विलास. गुंदोलावचे फोटो काढून चित्राशेजारी ठेवा. पाणी, पांढऱ्या इमारती, मागच्या टेकड्या ओळखीच्या वाटतील. पण घाट मोजायला आणि घुमट जुळवायला बसू नका. चित्रातलं तळं गुंदोलावपेक्षा अफाट आहे आणि पैलतीरी एखाद-दुसरा महाल नाही, अख्खं नगर आहे.

याचं कारण समजून घ्यायला राजसिंहाच्या मुलाकडे, सावंतसिंहाकडे, वळावं लागतं. १६९९ चा जन्म. किशनगढचं राजघराणं वल्लभ या कृष्णभक्ती संप्रदायातलं, आणि सावंतसिंह ‘नागरीदास’ या नावाने ब्रजभाषेत कृष्णभक्तीची पदं रचायचा. ती ‘नागर समुच्चय’ या संग्रहात आहेत. त्याच्या लेखी गुंदोलावचा काठ आणि यमुनेचा काठ वेगळे नव्हते. निहालचंद त्याच्या पदरी होता आणि राजाच्या मनातला हा व्रज त्याने राजाच्याच गावातल्या दगडपाण्यातून उभा केला. म्हणून इमारती राजस्थानी, पोशाख दरबारी आणि गोष्ट वृंदावनातली.

प्रत्यक्षात सावंतसिंहाच्या वाट्याला अशी निवांत संध्याकाळ फार काळ आली नाही. १७४८ मध्ये वडील राजसिंह वारले तेव्हा तो दिल्लीत होता. इकडे धाकट्या भावाने, बहादूरसिंहाने, गादी बळकावली. सावंतसिंहाने मराठ्यांची मदत घेतली, पण अखेर राज्याची वाटणी झाली आणि रूपनगरचा भाग मुलाकडे, सरदारसिंहाकडे गेला. १७५७ मध्ये सावंतसिंहाने सगळं सोडलं आणि तो वृंदावनात राहायला गेला. त्याच वर्षी अब्दालीच्या फौजांनी मथुरा-वृंदावन लुटलं होतं. १७६४ मध्ये वृंदावनातच त्याचा शेवट झाला. हा इतिहास माहीत झाल्यावर चित्र पुन्हा एकदा, निव्वळ पाण्याकडे लक्ष देऊन पाहा.

वल्लभ संप्रदायाच्या मंदिरांत उन्हाळ्यात ‘नाव मनोरथ’ होतो: पाणी भरून त्यात सजवलेली होडी सोडतात आणि देवाला नौकाविहार घडवतात. चित्रातली लाल होडी त्या काळच्या भाविकाला त्यामुळे किती ओळखीची असेल, हेही ध्यानात ठेवा.

पायरी ९ : चेहरा सगळ्यात शेवटी

आता भिंग घ्या. होडीतल्या राधेचा चेहरा इवलासा आहे, तरी तोच डोळा, तीच भुवई, तेच नाक. सावंतसिंहाच्या सावत्र आईच्या पदरी असलेली गायिका, जिला लोक बणीठणी म्हणत, तिच्या रूपावरून हा साचा घडला अशी परंपरा सांगते. ते काहीही असलं तरी या चित्रात सगळ्या सख्यांचे चेहरे त्याच घडणीचे आहेत. दागिन्यांचे मोती पाहा. दाट सफेद्याचे ठिपके देऊन ते किंचित उठावदार करतात, बोट फिरवलं तर हाताला लागावेत असे. हे काम खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याचं. झाडीची पानंही याच निगुतीने केलेली आहेत: आधी गडद हिरवा, त्यावर एकेक पान फिक्या रंगाने सुटं काढलेलं. चेहऱ्याला जेवढा वेळ दिला तेवढाच एका झाडाला द्या.

मूळ चित्रं पाहायला जाताना

कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून दालनात प्रकाश मंद ठेवतात; ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. बाहेरच्या उन्हातून थेट आत शिरलात तर पहिली काही मिनिटं सगळं काळपट दिसतं. आधी दुसरी दालनं बघा, डोळे स्थिरावू द्या, मग लघुचित्रांकडे या. ठरावीक काळाने चित्रं काढून विश्रांतीला ठेवतात, तेव्हा एखाद्या विशिष्ट चित्रासाठी लांबून जाणार असाल तर संग्रहालयाला आधी विचारून घ्या. फोटोला परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा. काचेवर प्रतिबिंब येत असेल तर गडद कपडे घातलेल्या सोबत्याला मागे उभं करा, चित्र लगेच स्वच्छ दिसतं. आणि तिरपं होऊन पाहायला विसरू नका, सोन्याचं काम तेव्हाच चमकतं.

मुंबईकरांसाठी एक जवळची वाट आहे. किशनगढची चित्रं जगापुढे आली ती एरिक डिकिन्सन यांच्यामुळे. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातले हे प्राध्यापक १९४३ मध्ये किशनगढला गेले आणि तिथल्या राजसंग्रहात ही चित्रं त्यांच्या हाती लागली. १९५९ मध्ये ललित कला अकादमीने जो मोठा ग्रंथ काढला, त्यात त्यांच्यासोबत होते मुंबईचे वकील आणि कलाअभ्यासक कार्ल खंडालावाला. खंडालावालांचा स्वतःचा संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पहाडी, राजस्थानी, मुघल अशी वेगवेगळ्या घराण्यांची लघुचित्रं तिथे एका छपराखाली पाहता येतात, आणि घोटलेल्या कागदाची तुकतुकी ओळखायला त्यापेक्षा चांगली सोय नाही.

पायरी १० : शेजारी उदयपूर ठेवा

एक चित्र एकट्याने कळत नाही. त्याच काळातलं, त्याच राजस्थानातलं, तळ्याचंच, पण पूर्ण वेगळ्या मनाने काढलेलं चित्र शेजारी ठेवा. उदयपूरच्या महाराणा जगतसिंह दुसरा (राज्यकाळ १७३४ ते १७५१) याने पिछोला तलावात १७४३ ते १७४६ या काळात जगनिवास हा महाल बांधला आणि तिथल्या जलक्रीडेची, मेजवान्यांची अनेक मोठी चित्रं काढून घेतली. त्यांतलं कुठलंही एक घ्या आणि वरच्या पायऱ्या त्यावर चालवून पाहा.

उदयपूरच्या चित्रात तळं नकाशासारखं उभं केलेलं असतं, महालाचे चौक, हौद, बागा वरून उघड्या दिसतात आणि महाराणा एकाच चित्रात अनेक ठिकाणी असतो: इथे पोहतोय, तिथे गाणं ऐकतोय. इमारत खरी आणि ओळखता येण्याजोगी, माणसं खरी. पुष्कळदा चित्राच्या पाठीमागे नावं आणि तिथीसुद्धा लिहिलेली. पाणी माणसांनी आणि होड्यांनी गजबजलेलं. निहालचंदने जो रिकामेपणा जपला, तो इथे चित्रकाराला परवडणारा नव्हता, कारण त्याला त्या दिवसाची नोंद ठेवायची होती. ही दोन चित्रं अर्धा तास शेजारी ठेवल्यावर किशनगढच्या त्या राखाडी पट्ट्यात मुद्दाम किती गोष्टी वगळल्या आहेत, त्याची यादी करा. घाटावर कुणी कपडे धूत नाही, पाणी भरत नाही, गुरं उतरलेली नाहीत, मासेमारी नाही. यादी जेवढी लांबेल तेवढं निहालचंदचं तळं जास्त स्पष्ट होत जाईल.